शाळेतली हजेरी, खाडे आणि ७५ टक्के: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हजेरी म्हटली की बहुतेक पालकांना एकच आकडा आठवतो, ७५ टक्के. तो सगळ्या इयत्तांना सारखा लागू नाही. आठवीपर्यंत मूल शाळेत येत नसेल तर ते शाळेत आणण्याची जबाबदारी शाळेची आणि प्रशासनाची आहे. दहावी-बारावीला मात्र खाड्यांचा हिशोब थेट विद्यार्थ्याच्या परीक्षेवर येतो. ही दोन प्रकरणे एकत्र केली की गोंधळ होतो. आठवीतल्या मुलाला उगाच धमकावले जाते आणि बारावीतल्या मुलाला जानेवारी उजाडेपर्यंत कोणी काही सांगत नाही. पुढची उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातल्या शाळांसाठी आहेत.

७५ टक्क्यांची अट नेमकी कोणाला?

मंडळाच्या परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसणाऱ्यांना. राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई-आयएससी घेणारे सीआयएससीई, तिन्हीकडे आकडा ७५ टक्केच आहे. नववी आणि अकरावीतही शाळा-महाविद्यालये तीच अट पाळतात, कारण दहावी-बारावीची नोंद तिथूनच सुरू होते.

पहिली ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायदा, २००९ लागू आहे. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. हजेरी अमुक टक्क्यांच्या खाली गेली की नापास, असे त्यात कुठेही नाही. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्रात ती २०२३-२४ पासून सुरू झाली. तिच्यात अनुत्तीर्ण झाल्यास जादा मार्गदर्शन, मग पुनर्परीक्षा, आणि तीही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहू शकते. पण तो निर्णय गुणांवर होतो. ‘हजेरी ६० टक्के आहे, सहावीतच ठेवतो’ असे कोणी म्हणत असेल तर कायद्यात त्याला आधार नाही.

टक्केवारी कशी काढतात?

हजर दिवस भागिले शाळेचे कामाचे दिवस, गुणिले शंभर. हिशोब सोपा आहे, पण कामाचे दिवस कोणते धरायचे इथे चूक होते. रविवार, जाहीर सुट्ट्या, दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी त्यात येत नाहीत. परीक्षेचे दिवस येतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस ठरवले आहेत. माध्यमिक शाळा संहितेनुसार कामाचे दिवस किमान २३० आणि सुट्ट्या ७६ पेक्षा जास्त नाहीत. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे नागपूरच्या भाच्याचा आकडा पुण्यातल्या मुलीला लावू नका. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर महिन्याच्या शेवटी जी बेरीज असते तीच खरी.

बऱ्याच शाळांत दिवसातून दोनदा हजेरी होते, प्रार्थनेनंतर आणि मधल्या सुट्टीनंतर. मधल्या सुट्टीत घरी गेलेले मूल त्या दिवशी अर्धेच हजर. आठवड्यातून एकदा लवकर घरी नेण्याची सवय असेल तर वर्षाअखेर पंधरा-वीस दिवस असेच जातात आणि पालकांना ते खाडे वाटतही नाहीत.

तूट भरून निघेल की नाही, हे आधी कसे कळेल?

वर्षाचे एकूण कामाचे दिवस घ्या, त्याचे ७५ टक्के काढा आणि आतापर्यंतचे हजर दिवस वजा करा. उरलेले दिवस तेवढे असतील तर जमेल.

समजा, नोव्हेंबरअखेर १२० दिवस शाळा भरली आणि पुढे ६० दिवस बाकी आहेत. एकूण १८०, त्याचे ७५ टक्के १३५. मुलगी आतापर्यंत ८० दिवस हजर असेल तर उरलेल्या ६० पैकी ५५ दिवस यावेच लागेल, म्हणजे पाच खाड्यांचीच सवड. ती ७५ दिवस हजर असेल तर एकही दिवस चुकवता येणार नाही. ७० दिवसच हजर असेल तर उरलेले सगळे दिवस येऊनही तूट राहते. म्हणून हा हिशोब दिवाळीच्या सुट्टीआधी करायचा. डिसेंबरमध्ये केल्यास बहुतेक वेळा हळहळण्याखेरीज हाती काही राहत नाही. अनेक कनिष्ठ महाविद्यालये सत्रनिहाय हजेरी पाहतात, तेव्हा दोन्ही सत्रांचा आकडा वेगळा मांडून ठेवा.

डॉक्टरांचे प्रमाणपत्र दिले की ते दिवस हजेरीत धरतात का?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज याच एका गोष्टीचा आहे. प्रमाणपत्राने गैरहजेरीचे कारण सिद्ध होते, हजेरीपटावरचा खाडा तसाच राहतो. टक्केवारी कमी पडली तर तूट माफ करावी अशी विनंती करताना ते प्रमाणपत्र पुरावा म्हणून जोडले जाते. ती मान्य होणे हा हक्क नाही. म्हणून ‘सर्टिफिकेट आहे, काळजी नको’ हे चूक.

प्रमाणपत्रे नामंजूर होण्याची कारणे ठरलेली असतात. तारखा जुळत नाहीत: मूल ३ तारखेपासून घरी, प्रमाणपत्र ९ पासून. आजाराचे नाव नसते, नुसते ‘अस्वस्थ’ लिहिलेले असते. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नसतो. किंवा चार महिन्यांच्या खाड्यांसाठी फेब्रुवारीत एकाच दिवशी, एकाच शाईत एकच कागद तयार केलेला असतो आणि तो पाहणाऱ्याला लगेच ओळखू येतो. दवाखान्याचा केसपेपर, तपासणीचे अहवाल, औषधांची बिले आणि रुग्णालयात दाखल केले असल्यास डिस्चार्ज कार्ड, हे सोबत असेल तर प्रमाणपत्राला वजन येते. मोठ्या आजारात सरकारी रुग्णालयाचा कागद मिळवता आला तर उत्तम.

कांजिण्यांसारख्या आजारात खपल्या सुकेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नयेच. आठवीपर्यंत त्या खाड्यांनी काही बिघडत नाही. दहावीत ते आठ-दहा दिवस २५ टक्क्यांच्या सवडीतून जातात, म्हणून ती सवड लग्नसराई आणि जत्रांवर आधीच उधळू नये.

रजेचा अर्ज कसा लिहावा?

चार ओळी पुरतात. मुख्याध्यापकांच्या नावे, वर्गशिक्षकांमार्फत. विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कारण, पालकाची सही आणि फोन नंबर. दोन प्रती करा आणि एकीवर शाळेची पोच घ्या. लिपिकाची सही, तारीख, शिक्का. हे मागायला लोक संकोचतात. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘बाळाला ताप आहे, आज येणार नाही’ असे कळवणे शिष्टाचार म्हणून ठीक, पण तो अर्ज नव्हे. रजा ठरलेली असेल तर अर्ज आधी द्या, अचानक आजारपण आले तर मूल परत शाळेत येईल त्याच दिवशी. सीबीएसईच्या शाळांत तर लेखी अर्ज आणि कागद वेळच्या वेळी नसतील तर ती विनापरवाना गैरहजेरी धरली जाते.

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला हजेरी कमी पडली तर काय होते?

नियमित विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याची पात्रता धोक्यात येते. अर्ज शाळेमार्फत भरला जातो आणि तो भरला म्हणजे पात्रतेवर शिक्का बसला असे नाही. हजेरीची अट वर्षाअखेरपर्यंत लागू असते.

क्रम साधारण असा असतो. आधी तोंडी सूचना, मग पालकांना पत्र, मग भेट आणि लेखी हमीपत्र. तरीही तूट राहिली आणि कारण खरे असेल तर पालकांचा अर्ज आणि पुरावे जोडून मुख्याध्यापक किंवा प्राचार्य विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवतात. वर्गशिक्षकाच्या हाती हे नसते, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मंडळाचे विभाग नऊ आहेत: पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण. पालकाने थेट विभागीय कार्यालयात जाऊन फारसे हाती लागत नाही, शाळेच्या शिफारशीशिवाय कागद पुढे सरकत नाही. त्यामुळे शाळेने पत्र पाठवले तर ते खिशात ठेवू नका. लेखी उत्तर द्या, तारीख टाका. पुढे प्रस्ताव करायची वेळ आली तर हेच पत्र उपयोगी पडते.

थकलेली फी आणि कमी हजेरी ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. फीसाठी हॉल तिकीट अडवून ‘हजेरी कमी’ असे कारण पुढे केले जात असेल तर हजेरीची महिनावार नोंद लेखी मागा.

सीबीएसईमध्ये काय वेगळे आहे?

तिथे तारीख ठरलेली आहे. दहावी-बारावीची हजेरी १ जानेवारीपर्यंतची मोजतात. समजा, तोवर १७० दिवस शाळा भरली, तर १२८ दिवस हजर असणे भाग आहे. तुटीची प्रकरणे शाळेने कागदांसह प्रादेशिक कार्यालयाकडे जानेवारीच्या सुरुवातीलाच पाठवायची असतात आणि मुदत टळली की ती घेतली जात नाहीत. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात मंडळाने स्पष्ट केले की उरलेल्या २५ टक्क्यांची सवलतही गंभीर आजार, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय पातळीवरची क्रीडा स्पर्धा किंवा तसेच गंभीर कारण असेल आणि कागद असतील तरच. म्हणजे ‘२५ टक्के दांड्या आपल्या हक्काच्या’ हा समज तिथे चालत नाही. मंडळाची पथके न कळवता शाळेत येतात आणि हजेरीपट व वर्गातली डोकी ताडून पाहतात.

सीआयएससीईमध्ये खऱ्या कारणासाठी तूट माफ करण्याची विनंती शाळाप्रमुख करू शकतात, मात्र हजेरी ६० टक्क्यांच्या खाली नसावी.

जेईई-नीटच्या क्लाससाठी ‘फक्त नाव ठेवणारे’ कॉलेज घेतले तर?

लातूर, नांदेड, पुणे, मुंबई, सगळीकडे हा प्रकार उघड गुपित आहे. क्लास आणि कनिष्ठ महाविद्यालय यांचे साटेलोटे असते, मूल दिवसभर क्लासमध्ये आणि हजेरी कॉलेजच्या पटावर. त्याला आळा घालण्यासाठी २०१८ मध्ये राज्य शासनाने विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. सीबीएसईने तर अशा ‘डमी’ शाळांतल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेला बसू देणार नाही अशी भूमिका घेतली आहे.

धोका पालक समजतात त्यापेक्षा मोठा आहे. तपासणीत महाविद्यालयाची मान्यता अडचणीत आली तर बारावीच्या मध्यात दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. प्रात्यक्षिके झालेली नसतात, आणि प्रयोगवहीवर सह्या असल्या तरी बाहेरच्या परीक्षकासमोर टायट्रेशन करायची वेळ येते. मुलाला खरोखरच पूर्णवेळ क्लास करायचा असेल तर मुक्त विद्यालयाचा सरळ मार्ग आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत रोजच्या हजेरीची अट नाही. तिथे विषय आणि वेळापत्रक वेगळे असते, ते आधी पाहून घ्यावे.

हजेरी गेलीच, तर १७ नंबरचा फॉर्म भरता येतो का?

येतो, पण बहुतेक वेळा त्याच वर्षी नाही. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म खासगीरीत्या बसणाऱ्यांसाठी आहे. त्याची ऑनलाइन नोंदणी मंडळ परीक्षेच्या बऱ्याच आधी घेते. फेब्रुवारीत हजेरी कमी निघाल्यावर तो दरवाजा बंद झालेला असतो. शिवाय शाळा सोडल्याचा मूळ दाखला द्यावा लागतो, म्हणजे नियमित प्रवेश आणि १७ नंबर दोन्ही एकाच वेळी ठेवता येत नाहीत.

आठवीपर्यंतचे मूल महिनाभर आलेच नाही, तर शाळा नाव कमी करू शकते का?

नाही. महाराष्ट्रात सतत एक महिन्यापेक्षा जास्त गैरहजर राहिलेले ६ ते १४ वयाचे मूल ‘शाळाबाह्य’ धरले जाते. तिथून शाळेचे काम वाढते. घरी भेट, शाळा व्यवस्थापन समितीत चर्चा, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवणे, परत आल्यावर वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण. समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात. ही समिती खरोखर भरत असेल तर निम्मे प्रश्न गावातच सुटतात. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती असते.

मूल दुसऱ्या गावी गेले आणि दाखला नेला नाही, तर जुनी शाळा यूडायस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीत त्याचे नाव ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकते आणि नवी शाळा तिथून ते घेते. त्यासाठी मुलाचा कायम शिक्षण क्रमांक, म्हणजे पेन, जवळ असला की काम सोपे होते. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्येच आहे.

मूल शाळेत पाठवले नाही म्हणून पालकांना दंड होतो का?

शिक्षण हक्क कायद्यात पालकांचे कर्तव्य सांगितले आहे, दंड नाही. कोल्हापूर संस्थानात मात्र राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे करताना मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता, आणि त्या काळी रुपया म्हणजे थोडाथोडका नव्हता. आज गैरहजेरीमागे मजुरी किंवा बालविवाह असेल तर त्यासाठीचे वेगळे कायदे लागतात आणि त्यांत शिक्षा आहे. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. कुटुंबाच्या कामात मदत चालते, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. अशा वेळी मुलांसाठीच्या हेल्पलाइनच्या १०९८ या क्रमांकावर फोन करावा.

आम्ही ऊसतोडीला जातो. मुलांच्या हजेरीचे काय?

बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगरकडून ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे शाळेचे जवळजवळ अर्धे वर्ष फडात. यासाठी दोन सोयी आहेत.

पहिली, हंगामी वसतिगृह. मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते, जेवणाची सोय योजनेतून होते आणि शाळा तीच राहते. शक्य असेल तर हेच बरे. यासाठी टोळी निघण्याआधी मुख्याध्यापकांकडे नाव द्यावे लागते. मंजुरी पटावर ठरते, त्यामुळे उशिरा सांगितलेले नाव यादीबाहेर राहते.

दुसरी, शिक्षण हमी कार्ड. मूल सोबत न्यायचेच असेल तर निघण्यापूर्वी वर्गशिक्षकांकडून हे कार्ड घ्या. त्यावर इयत्ता आणि प्रगतीची नोंद असते. कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत दाखल्याशिवाय, त्या कार्डावर मूल बसते आणि परत येताना तिथल्या शाळेची नोंद घेऊन येते. गडबड कुठे होते? मुकादमाचा ट्रॅक्टर पहाटे निघतो, कार्ड शाळेच्या कपाटात राहते. किंवा कार्ड नेलेले असते, पण अड्डा, म्हणजे टोळीचा मुक्काम, हलतो आणि जवळच्या शाळेत कोणी जात नाही. कार्ड घेतल्यावर त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वीटभट्टीवर जाणाऱ्यांनाही हीच सोय आहे.

खाड्यांमुळे कोणते पैसे बुडतात?

पहिली ते चौथीतल्या अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्त आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना हजर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता आहे, अट ७५ टक्क्यांची. १९९२ पासूनचा तो रुपया अजून रुपयाच आहे. अकरावीपासून महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्यांनाही ७५ टक्के हजेरी पाहतात, आणि तिथे रक्कम मोठी असते.

स्पर्धा, एनसीसी शिबिर, संचलन यांचे दिवस?

शाळेने पाठवले असेल तर ते दिवस हजर धरण्याची पद्धत आहे. जाण्यापूर्वी शाळेचे पत्र आणि परतल्यावर सहभागाचे प्रमाणपत्र, दोन्ही हवे. खासगी अकादमीतून परस्पर गेलेल्या स्पर्धेचे दिवस खाडेच राहतात.

अतिवृष्टीत मूल गेले नाही, तर?

जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली असेल तर तो कामाचा दिवसच नाही. शाळा उघडी आणि ओढ्याला पूर म्हणून मूल अडकले, तर खाडा लागतो. एका वस्तीतली सगळी मुले अडकली असतील तर सरपंचाचे किंवा ग्रामसेवकाचे पत्र शाळेत द्या. मुख्याध्यापकांना वर खुलासा करायला ते लागते.

‘हजेरी लावून देतो’ असे शाळाच म्हणत असेल तर?

नको म्हणा. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरची लाखो मुले वर्गात नव्हती. शिक्षकांची पदे पटावर ठरतात, पोषण आहाराचा तांदूळ हजेरीवर येतो, पाचवीपर्यंत दिवसाला १०० ग्रॅम आणि आठवीपर्यंत १५० ग्रॅम, म्हणून हजेरी फुगवण्याचा मोह जुना आहे. आता शिक्षकांना स्विफ्टचॅट या ॲपवर रोजची हजेरी भरावी लागते. हजेरीपट, ॲप आणि आहाराची नोंद अशा तीन जागी वेगळे आकडे असतील तर चौकशीत ते उघडे पडते.

खाड्यांसाठी शिक्षा किंवा दिवसाला दहा रुपये दंड, हे चालते का?

अंगठे धरायला लावणे, वर्गाबाहेर उभे करणे, सगळ्यांसमोर टोमणे मारणे हे सगळे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये निषिद्ध आहे. आठवीपर्यंतच्या सरकारी शाळेत दंड वसूल करण्याचा प्रश्नच येत नाही. खासगी शाळेत मंजूर फीबाहेरची रक्कम मागितली तर पावती मागा. बहुतेक वेळा मागणी तिथेच थांबते.

मूल शाळेत जायलाच नको म्हणते. काय पाहावे?

हजेरीची नोंद घेऊन बसा आणि खाड्यांचे वार लिहून काढा. दर सोमवारी खाडा असेल तर रविवारी उशिरा झोपणे किंवा न झालेला गृहपाठ. ठरावीक वारी असेल तर त्या दिवशीचा तास आणि शिक्षक पाहा. रोज सकाळी पोट दुखते आणि अकरा वाजता थांबते, तर बसमधली किंवा मधल्या सुट्टीतली दादागिरी तपासा. सातवी-आठवीतल्या मुलींचे दर महिन्याला तीन-चार दिवस जात असतील तर आधी शाळेतले स्वच्छतागृह बघून या, पाणी आणि कडी आहे का ते. पुष्कळदा कारण तिथेच सापडते.

प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षेच्याच दिवशी मूल आजारी पडले तर?

राज्य मंडळ अशा विद्यार्थ्यांसाठी लेखी परीक्षेनंतर ‘आऊट ऑफ टर्न’ परीक्षा घेते. त्याच दिवशी शाळेला लेखी कळवा, कागद जोडा आणि तारीख शाळेकडूनच घ्या.

तक्रार कोणाकडे करायची?

आधी मुख्याध्यापक, लेखी. मग केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. आठवीपर्यंत प्राथमिक विभाग, पुढे माध्यमिक. मुंबईत माध्यमिकसाठी शिक्षण निरीक्षक. शिक्षण हक्क कायद्याखालची तक्रार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निकाली काढायची असते आणि त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाते. तक्रारीसोबत महिनावार हजेरीची प्रत आणि पोच घेतलेले अर्ज जोडा. ते नसतील तर पहिल्याच सुनावणीत तारीख पुढची पडते.